दहा वाजून दहा

“पाचला बारा कमी,” आई म्हणाली. “एकोणीस वर्षं त्या घड्याळात पाचला बारा कमी होते. तू दहा वाजून दहा केलेस.”

“फोटोत तसंच ठेवतात, नेली.”

“फोटोत काय ठेवतात ते मी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, विलीच्या घड्याळाचा फोटो चांगला काढ. त्याची वेळ बदल म्हटलं का?”

“नाही.”

“आणि रुमाल?”

“धुतला. धूळ होती त्यात.”

“इस्त्री केलीस.”

“केली.”

“त्याला घड्या होत्या.”

“घड्या होत्या म्हणूनच इस्त्री केली.”

मी खालच्या मजल्यावरून चाळण परत द्यायला आले होते. ती हातात धरूनच दारात उभी राहिले. स्वयंपाकघरात कुणी मला बस म्हटलं नाही. टेबलावर आईसमोर बाबांचं घड्याळ होतं, शेजारी रुमाल, चौकोनी आणि कडक. समोर माझी वहिनी जोसियान उभी होती, दोन्ही हात एप्रनच्या खिशात. माझा भाऊ ब्लेझ ओट्याशी बटाटा सोलत होता. मी आले तेव्हा जो सोलत होता तोच. सोलून सोलून त्याचा अक्रोड झाला होता.

“मार्लीझ, तू सांग,” आई माझ्याकडे वळली. “किती वाजले होते?”

“पाचला दहा कमी?”

“बारा.”

“मग मला विचारलंस कशाला?”

जोसियान आईला नावाने हाक मारते आणि ‘तुम्ही’ म्हणते. बत्तीस वर्षं असंच चाललंय. आई तिला ‘तू’ म्हणते, आणि नाव घ्यायची वेळ आली की ‘ही’ म्हणते.

“पाचला बारा कमी तर पाचला बारा कमी,” जोसियान म्हणाली. “मी आत्ता लावते. अर्धं मिनिट लागेल.”

“आणि ते त्याचं होईल? ते तुझं होईल. तुझ्या बोटांनी लावलेलं.” आईने घड्याळ उचललं आणि छातीशी धरलं. “तू काढलंस तेव्हा काटे कुठे होते, ते तरी बघितलंस?”

जोसियानला तबकडीवरचा धुळीचा कण तीन फुटांवरून दिसतो. माझ्या मुलीच्या लग्नात तिने चर्चच्या दारात मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की माझ्या कॉलरवर मोहरीचा अर्धा दाणा आहे. अर्धा. पण त्या घड्याळात किती वाजले होते, ते तिने बघितलं नव्हतं. चिमट्यात धरलं, चावी ओढली, काटे फिरवले. भिंतीवरची वाकडी तसबीर माणूस जाता जाता सरळ करतो, तसं.

घड्याळांच्या फोटोत काटे दहा वाजून दहावर असतात. बाराच्या खाली कंपनीचं नाव असतं, ते दोन काट्यांच्या मधे मोकळं दिसतं. सेकंद काटा पस्तिसावर. आमच्या गावात, म्हणजे ला शो-द-फोंमध्ये, हे कुणाला सांगावं लागत नाही. इथे दर दुसऱ्या घरात कुणीतरी घड्याळाचं काहीतरी करतं. जोसियानच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल एकदा संपला, तर नवा आणेपर्यंत तिने तेही दहा वाजून दहावर ठेवलं होतं. ब्लेझ दोन दिवस न्याहारी धावतपळत करत होता.

बाबा गेले ते उपवासाच्या रविवारी, सप्टेंबरात. उपवास म्हणजे आमच्याकडे दुसरं काही न खाता आलुबुखाराचा टार्ट पोटभर खायचा. सोमवारी हॉस्पिटलातल्या नर्सने घड्याळ पाकिटात घालून आईला दिलं. शनिवारी सकाळी बाबांनी दिलेली चावी संपून ते कधीतरी थांबलं होतं. पाचला बारा कमी. आईने एकदा बघितलं, बाबांच्या रुमालात गुंडाळलं आणि खणात ठेवलं. तो रुमाल तिने पुन्हा उघडला नाही. दर रविवारी जेवण झालं की ती पुरचुंडी तशीच मुठीत धरून खिडकीजवळच्या खुर्चीत पाव तास बसायची. तेवढा वेळ आम्ही कुणी बोलत नसू.

मागच्या गुरुवारी तिने पुरचुंडी स्वतःहून जोसियानच्या हातात दिली. बाबांच्या फॅक्टरीतल्या जुन्या कामगारांची मंडळी एक पुस्तिका काढणार होती. प्रत्येकाच्या स्वतःच्या घड्याळाचा एकेक फोटो, खाली नाव. “श्रीमंतांच्या घड्याळांना लावतेस ना ते दिवे,” आई म्हणाली होती, “तेच याला लाव.” जोसियानने तेच लावले होते.

“आई, राहू दे ना आता,” ब्लेझ ओट्याकडेच बघत म्हणाला. “घड्याळ आहे. वेळ बदलतेच त्यात.”

“तू बटाटे सोल.”

आईने घड्याळ टेबलावर ठेवलं आणि तबकडीवर बोट रोखलं. तिचं वय अठ्ठ्याऐंशी आहे. बोट हललं नाही.

“हे काटे मी रंगवलेत. याच टेबलावर, लग्नाच्या वर्षी. रेडियम काय करतं ते मला कुणी शिकवायचं नाही. काटा वर्षानुवर्षं एका जागी उभा राहिला की खालच्या तबकडीवर आपली सावली भाजतो. उजेड गेला तरी भाजणं जात नाही. एकोणीस वर्षांचा डाग तिथे असणार. तुझं ते मोठं भिंग लाव, दिवे लाव, तो शोध. काटे त्या डागावर ठेव. केसभर इकडे नको, केसभर तिकडे नको.”

“आणि नाही सापडला तर?” जोसियानने विचारलं.

“रविवारी तो गेल्याची तारीख आहे. तोवर काटे आपल्या जागी आले नाहीत, तर सोमवारी तुझे दिवे त्या खोलीतून बाहेर. मी विलीचं टेबल झाकून ठेवीन. पूर्वी होतं तसं.”

घर आईच्या नावावर आहे. ब्लेझने दुसरा बटाटा घेतला.

जोसियानसाठी ती खोली म्हणजे काय, हे सांगायला हवं.

ती ला ब्रेव्हीनची. तिथे हिवाळ्यात दुधाच्या कॅनचं झाकण हाताला चिकटतं. बाप गवळी, घरात सात गाई आणि एक घड्याळ. एकोणिसाव्या वर्षी ती इथे फॅक्टरीत लागली. डोळ्याला भिंग लावायचं आणि तयार तबकड्यांवर धूळ, ओरखडा, बोटाचा ठसा शोधायचा. दिवसाला सहाशे तबकड्या. सतरा वर्षं तिने दुसरं काही केलं नाही. ब्लेझ तिथेच दुरुस्तीला होता. तिने त्याची सहा घड्याळं लागोपाठ परत पाठवली, सातवं तो स्वतः घेऊन गेला. असं ते लग्न जमलं.

कॅटलॉगसाठी लोझानहून एक फोटोवाला यायचा. त्याला धूळ दिसत नसे. फोटो मोठा करून छापून आला की दिसे, आणि मग सगळं पहिल्यापासून. म्हणून फॅक्टरीने जोसियानला त्याच्या शेजारी उभं केलं, धूळ सांगायला. ती धूळ सांगत राहिली आणि तो काय करतो ते बघत राहिली. तिसऱ्या वर्षी त्याची पाठ धरली आणि तो आला नाही. घड्याळं परत जायची होती. जोसियानने दिवे लावले.

तिचं म्हणणं असं की घड्याळाचा फोटो काढताच येत नाही. घड्याळात जे दिसतं त्याचा फोटो निघतो. पॉलिश केलेल्या काट्याला स्वतःचा रंग नसतो. समोर काळोख असेल तर तो काळा, समोर पांढरा कागद असेल तर पांढरा. काचेत दिवा दिसतो, कॅमेरा दिसतो, फोटो काढणारी बाई दिसते. म्हणून ती घड्याळाभोवती बटर पेपरचा तंबू बांधते. तो स्वयंपाकघरातलाच, ज्यावर आई बिस्किटं भाजते. दिवे तंबूच्या बाहेर. मग काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून एकेक आत सरकवते, की काट्याच्या कडेला बारीक काळी रेघ येते आणि तो तबकडीवरून उचलल्यासारखा दिसतो. बोटांना रबरी टोप्या. एका घड्याळाला चार तास लागतात. शेवटी बघणाऱ्याला वाटतं, घड्याळ नुसतं खिडकीत ठेवलं होतं.

इतक्या जवळून काढलेल्या फोटोत एका वेळी केसाच्या जाडीएवढाच भाग स्पष्ट येतो. म्हणून ती चाळीस फोटो काढते. प्रत्येक वेळी कॅमेरा केसभर पुढे, मग चाळीसही जोडून एक. या चाळिसांच्या मधे घर हललं तर सगळं फुकट. रस्त्याकडच्या खोल्यांत बस गेली की कपाटातले ग्लास वाजतात. उत्तरेची खोली अंगणाकडे आहे. तिथे बाबांचं कामाचं टेबल आहे, अक्रोडाच्या लाकडाचं, आजोबांनी बाहेरच्या दगडी भिंतीत बोल्ट ठोकून बसवलेलं. त्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हलत नाही. जोसियानने गावात तीन ठिकाणी जागा भाड्याने घेऊन बघितली होती. तिन्ही ठिकाणी पाणी हललं.

फॅक्टरीने मग फोटो कॉम्प्युटरवरच बनवायला घेतले. तेव्हापासून जोसियान जिनिव्हाच्या एका लिलाववाल्यासाठी काम करते. ते टेबल गेलं तर ते कामही जाणार होतं. तिचं वय सत्तावन्न. धूळ बघण्यासाठी आता फॅक्टरीत यंत्र आहे.

टेबल हललं नाही तरी जमीन हलते, आणि दिवे जमिनीवर उभे असतात, म्हणून घरात एक नियम आहे. फोटो सुरू करताना जोसियान खोलीतून ओरडते, “आता!” मग घरातल्या माणसांनी आहे तिथे उभं राहायचं. दोन मिनिटं, कधी तीन. तिने “झालं” म्हणेपर्यंत. आई सूप ढवळत असेल तर डाव वर धरून. ब्लेझ एक पाय मोज्यात, एक बाहेर. एकदा पास्टर आईला भेटायला आले होते. “आता!” ऐकून आम्ही सगळे थिजलो. त्यांना वाटलं कुणीतरी प्रार्थना सुरू केली आहे, तर त्यांनीही मान खाली घातली.

बुधवारी दुपारी जोसियानने मला वर बोलावलं. आई डॉक्टरकडे गेली होती, ब्लेझ कामावर.

“बस,” ती म्हणाली. “आणि हलू नकोस.”

घड्याळ तंबूत होतं. एक दिवा तिने अगदी खाली आणला होता, जवळजवळ टेबलाला टेकवून. असा उजेड तबकडीवर आडवा पडतो, मग जे सरळ उजेडात दिसत नाही ते वर येतं. काचेतली चकाकी मारायला वर काळा पुठ्ठा. तिने घरात कुणी नसतानाही “आता!” म्हटलं. मी श्वास धरून बसले. कॅमेरा चाळीस वेळा वाजला.

“झालं. इकडे ये.”

पडद्यावर बाबांची तबकडी टेबलावरच्या ताटाएवढी दिसत होती. आकड्यांवरचं रेडियम जळक्या साखरेसारखं, मधे भेगा. आईच्या ब्रशचा फटकारा चारच्या आकड्यावर जरा बाहेर गेला होता.

“डाग कुठंय?” मी विचारलं.

“आधी हे बघ.” तिने दुसरा फोटो उघडला. “बर्नच्या एका डॉक्टरांचं. तीस वर्षं पेटीत पडलेलं. मागच्या महिन्यात काढलं.” त्या तबकडीवर, काट्यांपासून दूर, दोन तपकिरी सावल्या होत्या, काट्यांच्याच आकाराच्या. सात वाजून पंचवीस. इस्त्री विसरल्यासारख्या. “हे घड्याळ पडून होतं.”

मग तिने बाबांचा फोटो पुन्हा आणला आणि पेन्सिलच्या टोकाने दाखवला. सावली नव्हती. एक कडं होतं. सगळीकडे सारखं, फिकट, चहाच्या कपाखाली राहतं तसं, बारापासून बारापर्यंत.

“हे चालत होतं,” जोसियान म्हणाली.

“म्हणजे बाबा होते तेव्हा.”

“नंतरही. एका जागी एकोणीस वर्षं उभं असतं तर या कड्यावर काटा उमटला असता. कुठेच नाहीये.” ती खुर्चीत मागे टेकली. “आणि मी मूर्ख. शुक्रवारी मी काटे फिरवले तेव्हा ते टिकटिकायला लागलं. दोन-तीन मिनिटं थांबेचना. मी वैतागले, कारण फोटोसाठी थांबायला पाहिजे. एकोणीस वर्षं पडलेलं घड्याळ असं चालतं का, मार्लीझ? त्यातलं तेल डिंक झालेलं असतं. चावी दगडासारखी लागते. ही लोण्यासारखी फिरली.”

“म्हणजे कुणीतरी चावी दिली.”

“चावी कुणीही देईल. यात कुणीतरी तेल घातलंय.”

या घरात घड्याळ उघडून तेल घालू शकेल असा माणूस एकच आहे. आम्ही दोघी त्याच्या सोमवारच्या बटाट्याचा विचार करत बसलो.

ब्लेझ सहाला आला. आई अजून यायची होती. जोसियानने त्याला कोट काढू दिला आणि पडद्यासमोर उभं केलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, वाकला, बघितलं. तो पस्तीस वर्षं घड्याळं बघतोय. त्याला काही सांगावं लागलं नाही.

“रविवारी,” तो म्हणाला. “आई चर्चला गेली की.”

“दर रविवारी?” मी विचारलं.

“आजारी नसलो तर.”

“कधीपासून?”

“बाबांना पुरलं त्याच्या पुढच्या रविवारपासून.”

“अरे, म्हणजे ते पाचला बारा कमी—”

“ते त्याच दिवशी गेलं.” त्याने चष्मा पुन्हा नाकावर घेतला. “ऐकायचं होतं फक्त. दहा मिनिटं. मग रुमालात तसंच ठेवायचो. सोमवारी संध्याकाळी कधीतरी थांबायचं. तेल तीनदा घातलं. वाळलं असतं तर आतलं खराब झालं असतं.”

“आणि रुमाल?” जोसियानने विचारलं.

“आठ घड्या. शेवटची उजवीकडून.”

जोसियानने त्याच्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांत त्याने एक टॉवेल नीट घडी घालून ठेवला नव्हता.

“आता रविवारी तुझी आई फोटो मागेल,” ती म्हणाली.

“मग दे ना.” ब्लेझ पडद्याकडे हात करून म्हणाला. “एक सावली काढ त्यावर. पाचला बारा कमीला. दोन मिनिटांचं काम तुझं. कॅटलॉगच्या फोटोत नाही का काय काय करायचीस.”

“धूळ काढायचे.”

“तेच ते.”

“तेच नाही. मी काढते. घालत नाही.”

“खोली जाईल तुझी.”

“तुझ्यामुळे जाईल.”

“मग सांग तिला की मी केलं.”

“मी काही सांगणार नाही. मी फोटो देईन. तुला सांगायचं असेल तर त्याच्या आधी सांग. फोटो त्याला जे सांगायचं ते सांगेल.”

ब्लेझ कोट पुन्हा घालून बाहेर गेला. पाव आणायला, म्हणाला. घरात दोन पाव होते. तो तिसरा घेऊन आला.

गुरुवारी त्याने आईला काही सांगितलं नाही. शुक्रवारी तिच्या खुर्चीचा पाय दुरुस्त केला, जो मोडलेला नव्हता. शनिवारी जोसियानने उत्तरेच्या खोलीत दोन खोकी नेली. जास्तीचे दिवे, पुठ्ठे, बटर पेपरची गुंडाळी, सगळं कागदात गुंडाळून त्यात ठेवलं. कॅमेरा शेवटी भरू म्हणाली. आई दारात येऊन उभी राहिली, खोक्यांकडे बघितलं.

“सापडला?”

“फोटो उद्या देते, नेली.”

“मी फोटो विचारला नाही.”

“फोटोच आहे माझ्याकडे.”

रविवारी आई चर्चहून आली तेव्हा टार्ट ओव्हनमधून काढून खिडकीत ठेवला होता. आम्ही चौघं बसलो. ब्लेझने सुरी हातात घेतली.

“आधी फोटो,” आई म्हणाली.

जोसियानने मोठ्या कागदावर छापून आणला होता. टेबलावरच्या बशा बाजूला करून तिने तो आईसमोर पसरला. आईने एप्रनच्या खिशातून भिंग काढलं. रेडियमच्या दिवसांतलं, पितळी कडेचं. मला ते अजून घरात आहे हेच माहीत नव्हतं. ती वाकली. बारापासून सुरुवात केली आणि बोटाबोटाने पुढे सरकत गेली. तीनला थोडी थांबली. चारला म्हणाली, “इथे माझा हात हलला होता.” पाचच्या अलीकडे, जिथे काटे असायला हवे होते, तिथे ती सगळ्यात जास्त वेळ होती. मग पुढे गेली आणि पुन्हा बाराला आली.

तिने भिंग खाली ठेवलं. जोसियानने हात मांडीवर घेतले. मला वाटलं ती उठून कॅमेरा भरायला जाणार. ब्लेझने एकदम टार्ट कापायला घेतला.

“आता!” आई म्हणाली.

आम्ही थिजलो. इतक्या वर्षांची सवय. ब्लेझची सुरी टार्टमध्ये अर्धी. मी कॉफीचं भांडं ओतायच्या बेतात. जोसियानसुद्धा, जिने हा नियम केला ती. आईने माझ्याकडे बघितलं, पूर्ण बघितलं, मग जोसियानकडे, मग ब्लेझकडे. घरात काहीही हलत नव्हतं. माझ्या मनगटाला कळ लागली.

“मी,” ब्लेझ म्हणाला.

“काय मी?”

“मी चावी देत होतो. तू चर्चला गेलीस की.”

“तेल?”

“तीनदा घातलं.”

“काट्यांना हात लावलास? माझ्या रंगाला?”

“नाही. काटे काढताना कागद मधे ठेवायचो.”

आईने मान हलवली. “झालं” कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून आम्ही तसेच होतो.

“म्हणजे तो तू होतास,” ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. मग तिने सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. टार्टकडे बघून सांगितलं.

“रुमालातून लागायचं हाताला. दर रविवारी. टिकटिक. पहिल्यांदा वाटलं, माझीच नाडी. मग मोजली. नाडी नव्हती. घड्याळ चालतंय म्हणजे काटे हलतायत, हे कळत नाही का मला? पण रुमाल उघडला असता तर बघावं लागलं असतं. कुणाला विचारलं असतं तर थांबलं असतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही डॉक्टरकडे नेलं असतं. एकोणीस वर्षं कुणाला बोलले नाही. म्हटलं, विलीला रविवारी सवड असते.”

ब्लेझने सुरी सोडली. ती टार्टमध्ये उभी राहिली.

“मग पाचला बारा कमी कशाला, आई?” मी म्हटलं. “जोसियानवर एवढी भडकलीस ती?”

“तो राग खरा होता. अजून आहे. माझ्या नवऱ्याच्या घड्याळाची चावी ही मला न विचारता ओढते.” तिने जोसियानकडे बघितलं. “पण एकदा उघडलंच आहे म्हटल्यावर मला जाणून घ्यायचं होतं. तुझ्या फोटोत खोटं नसतं हे मला माहीत आहे. तू माझ्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाचा फोटो काढला होतास. तेव्हाच कळलं.”

त्या फोटोबद्दल घरात बोलत नाहीत.

“आई, मी—” ब्लेझने सुरुवात केली.

“तू गप्प बस. तू एकोणीस वर्षं गप्प बसलास, अजून पाच मिनिटं बस.” आईने घड्याळ खिशातून काढून फोटोच्या मधोमध ठेवलं, खऱ्यावर खरं. ते अजूनही दहा वाजून दहा दाखवत होतं. तिने रुमाल उलगडला, इस्त्रीवरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. “आता सगळ्यांनी ऐका. पुढच्या रविवारी मी चर्चला जात नाही. पास्टरना मार्लीझ कळवेल. कारण सांगायचं नाही. ब्लेझ इथे, माझ्यासमोर, या टेबलाशी बसून चावी देईल, आणि घड्याळ बरोबर वेळेला लावेल, गावातल्या वेळेला. मग आपण उत्तरेच्या खोलीत जाऊ. दहा वाजून दहा झाले की जोसियान फोटो काढेल. पुस्तिकेत तो जाईल.”

“चालू असताना?” जोसियानने विचारलं.

“चालू असताना.”

“चालू घड्याळाचा निघत नाही, नेली. चाळीस फोटो जोडायचे असतात. सेकंद काटा चाळीस ठिकाणी येईल. मिनिट काट्याची कड पुसट होईल. लोक म्हणतील हिला फोटो काढता येत नाही.”

“म्हणू देत. चाळीस ठिकाणी येऊ दे. तुझी खोकी जेवण झालं की रिकामी कर, आणि विलीच्या रुमालाला या घरात पुन्हा इस्त्री करायची नाही.”